गाळ्याचे घर

गाळा म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोर दुकान येते. गिरणगावात या शब्दाचा अर्थ निराळा होता. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून चाळीत भाड्याने घेतलेली लांबोळकी खोली म्हणजे गाळा. भिंतीला ओळीने ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, वर खुंट्या, एका कोपऱ्यात ग्रामदैवताची तसबीर आणि महिन्याच्या वर्गणीची वही. जेवण खाणावळीत, अंघोळ नळावर, झोप पाळीप्रमाणे. करी रोड, लालबाग, परळ, वरळी या भागांत असे गाळे शेकड्यांनी होते. कोकणातल्या गावांचे होते, घाटावरच्या गावांचेही होते. चंदगड, आजऱ्याकडच्या गावांचे काही अजूनही आहेत.

आमचा गाळा चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावाचा. (हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून आबांच्या जुन्या पत्रांवर जिल्हा बेळगाव असे लिहिलेले सापडते.) करी रोड स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, कौलांखाली. लांबी पंचवीस फूट, रुंदी बारा. म्हणजे तीनशे चौरस फूट, आणि संपाच्या आधी वहीत नावे एकतीस. आज तेच आमचे घर आहे. गाळ्याचे घर आम्ही स्वतःच्या हातांनी केले. ते कसे केले हे नातवाने विचारले, तेव्हा लक्षात आले की आधी गाळा का झाला हे सांगितल्याशिवाय त्याला काहीच कळणार नाही.

तीनशे फुटांत एकतीस माणसे राहात, ती पाळ्यांमुळे. आणि पाळ्यांच्या मुळाशी उजेड आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, कंपनी १८५४ ची. सुरुवातीला काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याने घातलेली मर्यादा संपली. १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्यांत कामगाराचा दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. पुढे १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची हद्द घातली, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा आणि १९४८ च्या कायद्याने नऊ तासांची. दरम्यान १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाची वीज गिरण्यांना मिळू लागली. गंमत पहा, ज्या घाटमाथ्याच्या पाण्यावर यंत्रे फिरत होती त्याच सह्याद्रीच्या कुशीतली माणसे ती चालवत होती, आणि घरी येऊन रॉकेलच्या चिमणीत वळकटी शोधत होती. दिवे आधी यंत्रांना मिळाले, माणसांना फार उशिरा.

पाळी बदलली की एकाची वळकटी गुंडाळली जाई आणि दुसऱ्याची पसरली जाई. बायका-मुले गावी. त्या काळच्या जनगणनांत मुंबईत पुरुषांच्या जवळपास निम्म्याच बायका आढळतात, त्याचे कारण हेच.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याच त्या बी.डी.डी. चाळी. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता, सोळा हजारांच्या वर खोल्या झाल्यावर काम थांबले. वरळीला १२१, नायगावला ४२, आमच्या शेजारी ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. कुटुंबासाठी घर म्हणून त्या बांधल्या खऱ्या, पण सुरुवातीची कित्येक वर्षे बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. इतक्या, की १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. ज्या इमारती घर म्हणून बांधल्या त्यांचा तुरुंग होतो आणि जो गाळा नुसता झोपण्यासाठी घेतला त्याचे घर होते. यावरून मी एवढेच शिकलो की घर चार भिंतींनी ठरत नाही. आत चूल पेटवणे परवडते की नाही, यावर ते ठरते.

आता चुलीकडे वळतो. गाळ्यात इंधन जवळजवळ लागतच नसे. दोन दिवे आणि चहापुरता एक स्टोव्ह. आजच्या भाषेत बोलायचे तर माणशी ऊर्जेचा इतका कमी खर्च कोणत्याही आधुनिक इमारतीला जमणार नाही. पण हा हिशेब खोटा आहे. एकतीस माणसांचा स्वयंपाक कोठेतरी होतच होता. तो खाणावळवाल्या बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीत, कोळशाच्या आणि रॉकेलच्या धुरात होत होता. गाळ्याची काटकसर तिच्या छातीत साठत होती. या बायकांना कर्ज मिळावे, सावकाराच्या हातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तोपर्यंत त्यांची मोजदाद कोणी केली नव्हती. म्हणून 'पूर्वी आम्ही किती कमी विजेत राहात होतो' असे कोणी अभिमानाने म्हणू लागले की मी विचारतो, तुमची भाकरी कोण भाजत होते?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो इतिहास सर्वांना माहीत आहे, मी गाळ्यापुरते सांगतो. पहिल्या वर्षात वहीतली अर्धी नावे गावी गेली. १९८६ च्या अखेरीस नऊ माणसे उरली. मी शाळेत शिक्षक होतो, याच गाळ्यात राहात होतो, सौ. आणि दोन्ही मुले गावी होती. भाड्याची पावती आबांच्या नावावर होती, पण पावती एकाची असली तरी जागा सर्वांची, हे आबा कधी विसरले नाहीत. त्यांनी मंडळाची बैठक बोलावली. उरलेल्या नऊ जणांना शेजारच्या गावाच्या गाळ्यात जागा मिळाली, ज्याची त्याची अनामत आम्ही हप्त्याने परत करायची ठरली, आणि एक अट वहीत लिहिली गेली: गावचा कोणीही दवाखान्यासाठी किंवा परीक्षेसाठी मुंबईत आला तर त्याला या घरात पाठ टेकायला जागा मिळेल. के.ई.एम. आणि टाटा, दोन्ही रुग्णालये परळात. अट किती मोठी आहे हे त्या दिवशी फक्त आबांना कळले होते.

१९८७ च्या मे महिन्याच्या सुट्टीत काम काढले. घरमालकाकडून दुरुस्तीची आशा नव्हती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती, त्यामुळे भाडेकरू टिकले आणि इमारती खचल्या. मजूर लावायला पैसे नव्हते. हाताशी होते ते दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गिरणीच्या मेंटेनन्स खात्यात बावीस वर्षे फिटर आणि त्या वेळी बेकार. ते म्हणाले, "मास्तर, विणकाम खात्याचं छप्पर पाहिलंय का कधी? करवतीच्या दातासारखं असतं. काच कायम उत्तरेला. उजेड येतो, ऊन येत नाही."

आमच्या छपराचा एक उतार उत्तरेकडे होता, दुसरा दक्षिणेकडे. दाजींनी उत्तरेच्या उतारावरची सहा मंगलोरी कौले काढून त्याच मापाची काचेची कौले बसवली. (ही कौले बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात बनवायला घेतली, आणि सगळ्या किनारपट्टीवर एकच माप रूढ झाले म्हणून हे जमले.) मुंबईत १५ मेच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेकडे राहतो. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस उत्तरेच्या काचेवर ऊन दक्षिणेच्या मानाने तिरपे आणि कमी पडणार, आणि उलटे होते त्यातले बहुतेक दिवस पावसाचे. भूगोल शिकवताना फळ्यावर काढलेली आकृती मी प्रथमच कामाला आलेली पाहिली.

दुसरे काम छताचे. पाडलेल्या एका इमारतीच्या सागवानी फळ्या मिळाल्या. त्या कौलांखाली वीतभर अंतर सोडून ठोकल्या आणि दोन्ही टोके उघडी ठेवली, म्हणजे कौलांची तापलेली हवा मधल्या मध्ये निघून जाते. दक्षिणेच्या कौलांना दर फाल्गुनात चुन्याचा हात द्यायचा. कौलांवर पाय ठेवला की ती फुटतात, म्हणून शिडी आडवी टाकून तिच्यावर बसून. पावसात चुना धुऊन जातो, हरकत नाही, तेव्हा त्याची गरज नसते.

तिसरे, वारा. गॅलरीचे दार आणि समोरची खिडकी यांच्यामध्ये आम्ही भिंत घातली नाही. सहा फूट उंचीचे फळ्यांचे आडोसे केले, वर मोकळे. दारावर लाकडी जाळीचा झरोका. पोटमाळा अर्ध्याच भागावर, कारण पूर्ण पोटमाळा केला की खालच्या माणसाचा श्वास कोंडतो. मोरीला शहाबादी घातली आणि उंबरा उंच केला, खालच्या बिऱ्हाडात पाणी झिरपू नये म्हणून. आणि चूल खिडकीपाशी. गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याचे ते दिवस, तोवर स्टोव्हच. त्याचा धूर वर जाण्यासाठी दोन कौले उचलून खाली पत्र्याचे धुराडे केले. ही एक गोष्ट सौ.ने सांगितलेली, दाजींनी नव्हे. आम्हा दोघांना ती सुचलीच नव्हती, कारण आम्ही दोघेही गाळ्यात वाढलेले, खाणावळीत जेवलेले!

जूनमध्ये सौ. आणि मुले आली. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत घरात दिवा लावावा लागत नसे. हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी सांगतो: साठ वॅटचा बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला सुमारे अकरा युनिट होतात, आजचा नऊ वॅटचा एलईडी दीड-पावणेदोन युनिटांत काम भागवतो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट, २८ वॅटचा नवा पंखा दहा. हे सर्व बदल आम्ही एकेक करून केले. पण काचेच्या कौलाला शून्य युनिट लागतात, आणि ते अडतीस वर्षे चालले आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमची चाळ पुनर्विकासात जात आहे. जावीच, जिना टेकूवर आहे आणि माझे गुडघे त्याहून वाईट आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. स्वतःचा संडास घरात असणे ही साधी गोष्ट नाही. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात, हेही मी पाहिले आहे.

पण उंच इमारत म्हणजे चांगले घर असे समीकरण नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारती इतक्या जवळजवळ, की खालच्या मजल्यांना ना ऊन ना वारा, आणि तेथे क्षयाचे रुग्ण जास्त. दिवसा दिवा आणि बाराही महिने पंखा, हा खर्च गरीब माणसाने विकत घेतलेला नसतो, नकाशा काढणाऱ्याने तो त्याच्या माथी मारलेला असतो. त्याच २०१८ साली केंद्र सरकारने घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंतींतून किती उष्णता आत यावी, खिडक्या किती उघडणाऱ्या असाव्यात याची मापे तीत आहेत. आमच्या चाळीच्या बैठकीत मी तीन प्रश्न लिहून दिले. दोन इमारतींमध्ये अंतर किती? प्रत्येक घराला समोरासमोर उघडणाऱ्या दोन बाजू आहेत का? लिफ्ट आणि पंपाचे बिल दहा वर्षांनी कोण भरणार? तरुण मंडळी म्हणाली, मास्तर, आधी चौरस फूट वाढवून घेऊ. त्यांचेही चुकत नाही. पण चौरस फुटांत वारा मोजता येत नाही.

चौथा प्रश्न मी लिहून दिला नाही, कारण तो विकासकाला विचारण्यासारखा नाही. वहीतल्या अटीप्रमाणे आतापर्यंत आमच्याकडे जी माणसे झोपून गेली त्यांची नावे सौ.ने त्याच वहीत पुढे लिहिली आहेत. काही जण बरे होऊन गेले, काही नाही. नव्या घरात बाहेरची खोली असेल, तिला दार असेल, दाराला कुलूप असेल. अट मात्र कराराच्या कोणत्याही कलमात नाही. ती मुलगा आणि सून पाळतील का, हे त्यांनीच ठरवायचे आहे. मी त्यांना वही दिली आहे, बाकी काही बोललो नाही.

असो. वाचकांपैकी ज्यांच्या घराण्यात असा गाळा होता त्यांना एक विनंती. इमारत पाडण्यापूर्वी तिची लांबी-रुंदी, छप्पर कोणत्या दिशेला, चूल कोठे आणि वहीत नावे किती, एवढे एका कागदावर लिहून ठेवा. गिरण्यांच्या फायली कोठे ना कोठे जपलेल्या असतात. गाळ्यांच्या कोणी जपलेल्या नाहीत.