मडक्यातला चुना : वर्ध्यातील नीरेची गोष्ट

वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर सिंदी रेल्वे आणि सिंदी मेघे ही दोन गावे आहेत. या भागातल्या बोलीत सिंदी म्हणजे शिंदीचे झाड, आणि त्या झाडाच्या रसापासून होणाऱ्या मादक पेयाचे नावही तेच. गेली सुमारे पन्नास वर्षे दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात हे नाव ठळकपणे नांदते आहे. याच वर्ध्यात एकेकाळी या रसाचे काय करावे, यावर गंभीर विचार झाला होता. दारूबंदीच्या आजच्या वादात त्याची आठवण सहसा निघत नाही.

शिंदीच्या शेंड्याखाली खोडाला छेद देऊन रात्री मडके बांधतात. ताडाचा रस खोडातून न घेता फुलोऱ्यातून घेतात. पहाटे उतरवलेला रस गोड असतो; ती नीरा. पण हवेतले आणि मडक्यातले यीस्ट वाट पाहत नाही. ऊन चढेपर्यंत फेस येतो, साखरेचे मद्यार्क होऊ लागते आणि नीरेची शिंदी किंवा ताडी होते. आणखी थांबले तर ती आंबट होत शिरक्याच्या वाटेला लागते. नीरा, ताडी आणि शिरका यांच्यात अंतर आहे ते फक्त तासांचे.

इंग्रजी अमलात या झाडांकडे महसूल म्हणून पाहिले गेले. मुंबई इलाख्यात 1878च्या अबकारी कायद्यानंतर ताडामाडांवरील कर आणि परवाने हा सरकारी उत्पन्नाचा भाग झाला. त्यामुळे दारूबंदीच्या आंदोलनाला राजकीय धार आली. 1930च्या सविनय कायदेभंगात गुजरात-कर्नाटकात ताडीची झाडे तोडण्यापर्यंत मजल गेली. झाडच नसेल तर ना नशा, ना कर.

वर्ध्यात मात्र कुऱ्हाडीऐवजी कढई पुढे आली. डिसेंबर 1934मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले आणि जे. सी. कुमारप्पांनी ते सांभाळले. 1936मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथे गजानन नाईक यांनी ताड-शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचे काम हाती घेतले. त्यामागचा हिशेब साधा होता. उसाला चांगली जमीन आणि पाणी लागते. शिंदी नाल्याकाठी, पडीक जागेत आपोआप वाढते. शिवाय दारूबंदी आली तर झाडावर चढणाऱ्या माणसाने खायचे काय, या प्रश्नालाही त्यात उत्तर होते. झाड तेच, चढणारा तोच, फक्त मडके चुन्याने माखायचे. चुन्यामुळे आंबणे लांबते. मग रस ताजा प्यावा किंवा लगेच आटवून गूळ करावा. 1942मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जे लिहिले, त्यातही नीरा ताजीच प्यावी, नाहीतर तिचा गूळ करावा, हाच आग्रह आहे.

या साऱ्या उद्योगाचे यश जिभेवर अवलंबून होते. नीरा चाखण्याची रीत आजही तीच आहे. आधी पाहावे : ताजा रस जवळजवळ नितळ असतो, फेस दिसला की वेळ टळलेली. मग वास घ्यावा : ताज्या रसाला ओल्या झाडाचा सौम्य गंध असतो, आंबलेल्याला उग्र. शेवटी छोटा घोट जिभेवर थांबवावा. निखळ गोडी असेल तर नीरा. जिभेच्या टोकाला झिणझिण जाणवली तर ती ताडीकडे निघाली. तोंड कोरडे पडून मातकट चव मागे राहिली तर चुना जास्त झाला.

चव घेण्याची ही शिस्त सर्वत्र जिवंत पेयांभोवतीच वाढलेली दिसते. लिथुआनियाच्या उत्तरेला, बिर्झाईच्या परिसरात, शेतघरांत बनणारी जुनी बिअर आहे. तिथे धान्याचा गोड अर्क अनेकदा न उकळताच आंबवतात. त्यामुळे ती टिकत नाही आणि गावाबाहेर फार जात नाही. तिथेही जाणकार आधी रंग, मग वास, मग सावकाश घोट असाच क्रम पाळतो. आपल्याकडे फरक इतकाच की आपला जाणकार आंबणे कुठे सुरू झाले ते शोधत होता, त्यांचा ते कुठे थांबवावे ते.

1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही हा भेद मान्य केला. आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात धरलेला न आंबलेला रस म्हणजे नीरा, अशी व्याख्या त्यात आली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही नीरेची ओळख तिच्या मडक्यावरून ठरली. पण नीरेलाही परवाना लागला. नव्या पिढीने झाडावर चढणे सोडले आणि साखर स्वस्त झाली. जिल्ह्यात दारूबंदी आली तेव्हा बंदी उरली, मडके गेले.

आज वर्ध्यात चोरून गाळली जाते ती बहुधा मोहाची किंवा गुळाची हातभट्टी. तिच्यात नवसागर टाकतात. अंधारात, घाईने, घशाखाली ढकलली जाणारी ही दारू कोणी चाखत नाही. बंदी उठवावी की ठेवावी, हा वाद जुना आहे आणि बायकांच्या संसारांची राखरांगोळी पाहिलेल्या गावांत तो सोपाही नाही. पण मगनवाडीने तिसरी वाट धरून पाहिली होती : झाड ठेवायचे, माणसाचे काम ठेवायचे आणि रस वेळेत उतरवायचा. त्या वाटेला लागणारी शिंदी नाल्याकाठी अजून उभी आहे. पहाटे तिच्यावर चढणारा आणि घोट घेऊन वेळ सांगणारा माणूस मात्र दुर्मीळ झाला आहे.