शर्यतीच्या पैशातून उभे राहिलेले विद्यापीठ

विद्यापीठाचे नाव व्हायला शतके लागतात, असे आपण धरून चालतो. जुन्या देवळातला देव जागृत, तसे जुने विद्यापीठ मोठे! हा समज खोटा ठरवणारे एक उदाहरण मकावच्या समोर, हाँगकाँगमध्ये आहे. मकाव गोमंतकीयांना परके नाही. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. हाँगकाँग मात्र इंग्रजांचे.

हाँगकाँगचे पहिले विद्यापीठ १९११ साली स्थापन झाले. त्याच्या मुख्य इमारतीसाठी मोठी देणगी दिली ती मुंबईहून तिथे जाऊन व्यापारात श्रीमंत झालेल्या सर होरमसजी मोदी या पारशी गृहस्थांनी. दुसरे विद्यापीठ १९६३ चे. तिसऱ्याची तयारी सुरू झाली १९८६ साली, गव्हर्नर एडवर्ड यूड यांच्या कारकिर्दीत. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनला परत जाणार हे तोपर्यंत ठरले होते. कारखाने एकामागून एक शेजारच्या चीनमध्ये चालले होते. स्वस्त मजुरीवर पुढे पोट भरणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाची कास धरली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

जागा मिळाली क्लिअर वॉटर बे येथे, समुद्रावर उतरणाऱ्या डोंगरावर. ब्रिटिश सैन्याच्या 'कोहिमा' छावणीसाठी राखून ठेवलेली ती जमीन. बांधकामासाठी सुमारे १.९ अब्ज हाँगकाँग डॉलर दिले जॉकी क्लबने, म्हणजे घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने. तरीही खर्च अंदाजाबाहेर गेला आणि बरीच टीका झाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये 'हाँगकाँग युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी' सुरू झाली.

काळ मोठा विचित्र होता. १९८९ साली तिआनमेन चौकात रक्त सांडले होते आणि हाँगकाँगची सुशिक्षित कुटुंबे दरवर्षी हजारोंच्या संख्येने कॅनडा-ऑस्ट्रेलियाची वाट धरत होती. नेमके त्याच वेळी पहिले कुलगुरू वू चिआ-वेई उलट्या दिशेने माणसे बोलावत होते. ते स्वतः पदार्थवैज्ञानिक. शांघायमध्ये जन्मलेले, अमेरिकेत शिकलेले आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीचे अध्यक्षपद भूषवून आलेले. अमेरिकेत नाव कमावलेले चिनी वंशाचे प्राध्यापक त्यांनी हेरले. चांगला पगार, राहायला घर, नव्या प्रयोगशाळा हे तर देऊ केलेच. शिवाय संशोधनाला अनुदान देणारी स्वतंत्र परिषदही हाँगकाँगमध्ये त्याच १९९१ साली स्थापन झाली. पण पगारापेक्षा मोठी गोष्ट अशी की, आपल्या माणसांसाठी काही नवे उभारण्याची संधी त्यांना दिसली.

माझ्या मते, नव्या विद्यापीठाच्या नावाचे सारे गमक इथे आहे. त्याला स्वतःचे नाव नसते, ते उसने आणावे लागते. वीस वर्षे संशोधन केलेला प्राध्यापक येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याचे सहकारी, त्याचे विद्यार्थी, त्याचे लेख वाचणारे जगभरचे विद्वान, सगळे त्याच्यामागून त्या विद्यापीठाची दखल घेऊ लागतात. हीच युक्ती पुढे संस्थांच्या बाबतीतही वापरली गेली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या केलॉग संस्थेबरोबर व्यवस्थापनाचा संयुक्त अभ्यासक्रम निघाला आणि २००७ साली 'फायनान्शियल टाइम्स'ने तो जगात पहिला ठरवला.

जागतिक क्रमवाऱ्या आल्या त्या नंतर. शांघायची २००३ मध्ये, लंडनची २००४ मध्ये. क्यूएसच्या यादीत बरीच वर्षे ४० टक्के गुण विद्वानांच्या मताला आणि १० टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला असत. म्हणजे निम्मे गुण लोक काय म्हणतात यावर! ज्याने आधीच ओळखीची माणसे गोळा केली, त्याला ही परीक्षा सोपी जाणारच. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे हे विद्यापीठ क्यूएसच्या आशियाई यादीत पहिले होते. २०१२ मध्ये पन्नास वर्षांखालील विद्यापीठांची वेगळी यादी 'टाइम्स हायर एज्युकेशन'ने काढली, तीत ते तिसरे आले.

आता दुसरी बाजू. २०२३ साली क्यूएसने गुणांची वाटणी बदलली आणि हेच विद्यापीठ एका वर्षात ४० व्या क्रमांकावरून ६० व्या क्रमांकावर घसरले. प्राध्यापक तेच, प्रयोगशाळा त्याच. बदलला तो तराजू. आणि उसने आणलेले नाव उठूनही जाऊ शकते. तिसरे कुलगुरू टोनी चॅन २०१८ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात उभारलेल्या, २००९ साली सुरू झालेल्या आणखी तरुण विद्यापीठाचे प्रमुख म्हणून गेले. मागे उरते ते इथे घडलेल्या विद्यार्थ्यांचे कर्तृत्व. ड्रोन बनवणारी जगप्रसिद्ध डीजेआय कंपनी २००६ साली काढणारा तरुण इथलाच विद्यार्थी. हे नाव उसने नव्हे, घरचे.

ताळगावच्या पठारावरचे आपले गोवा विद्यापीठ १९८५ चे, म्हणजे हाँगकाँगच्या या विद्यापीठाहून सहा वर्षांनी मोठे. दोघांच्या पैशाची तुलना करणे अन्यायाचे होईल आणि मी ती करणार नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हा क्रम मात्र पैशावर अवलंबून नसतो. सरकारी कचेरीत कारकुनी करताना एक गोष्ट मी रोज पाहतो. बांधकामाच्या फायलीला निविदा, मोजमाप, बिल असे पाय असतात. ती चालत राहते. चांगला माणूस शोधून आणण्याच्या फायलीला पाय नसतात. ती कुणीतरी उचलून न्यावी लागते. वू यांनी ती उचलली.

बारावीच्या निकालानंतर आपल्याकडचे पालक क्रमवारीची यादी घेऊन बसतात. यादी जरूर पाहावी. पण ज्या विषयासाठी मुलाला किंवा मुलीला पाठवायचे, तो विषय तिथे कोण शिकवतो, हेही विचारावे. हाँगकाँगमध्ये सुरुवात याच प्रश्नापासून झाली होती.