विमानतळ ते बदलापूर : थेट गाडी नाहीच

दिल्लीत २०११ पासून विमानतळाहून थेट नवी दिल्ली स्थानकापर्यंत एक्स्प्रेस मेट्रो धावते. मुंबईत अशी स्वतंत्र गाडी नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या प्रवाशांना सहार विमानतळाहून रेल्वेने घरी पोहोचण्यासाठी एकदा तरी गाडी बदलावीच लागते.

भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना स्थानक मिळाले. टर्मिनल २ वरून आरेच्या दिशेने पुढचेच स्थानक मरोळ नाका. तेथे मेट्रो १ पकडल्यास चौथे स्थानक घाटकोपर आणि तेथून बदलापूर अथवा कर्जतची लोकल. कसारा, टिटवाळ्याची गाडी कल्याणनंतर वेगळ्या मार्गाने जाते, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. हा मार्ग जवळचा खरा. परंतु सायंकाळी भरून आलेल्या लोकलमध्ये दोन मोठ्या बॅगांसह शिरणे म्हणजे दिव्यच!

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोहोचल्याने दुसरा पर्याय खुला झाला. उलट दिशेने सीएसएमटी गाठावे आणि तेथूनच सुटणारी लोकल पकडावी. तेथून बदलापूर ६८ किलोमीटर. वेळ अधिक लागतो, मात्र बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. सोबत वृद्ध आईवडील असल्यास हाच मार्ग बरा.

बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात. त्या वेळी मेट्रो बंद असते. मग टॅक्सी करावी, नाहीतर पहिल्या गाडीची वाट पाहत टर्मिनलमध्येच बसून राहावे.