पुतळीवरच्या मूर्ती

आमच्या मोपा-पेडणे भागात एखाद्या जुन्या घरातून पुतळ्यांची माळ बाहेर निघाली की पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. पुतळीवर कोणाच्या मूर्ती आहेत, हे क्वचितच कोणी विचारतो.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली डुकाट हे सोन्याचे नाणे पाडण्यास आरंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा व्हेनिसचा अधिपती; दुसऱ्या बाजूस ताऱ्यांत उभा ख्रिस्त. १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवीपर्यंत ना कस ढळला, ना चित्र फारसे बदलले. मिरी आणि कापड यांच्या मोबदल्यात ही नाणी आपल्या किनाऱ्यास आली. त्यांवरील लॅटिन अक्षरे येथे कोण वाचणार? लोकांनी मूर्ती पाहिल्या आणि नाव ठेवले पुतळी. त्या काळी पेडणे पोर्तुगीजांचे नव्हतेच. ते त्यांच्याकडे गेले १७८८ साली.

मागणी वाढली तेव्हा सोनारांनी स्वतःच पुतळ्या घडविल्या. आधी नाण्याची नक्कल, मग नकलेची नक्कल. गुडघे टेकलेला अधिपती कित्येक नकलांत सरळ उभा राहिला, अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, आणि पुढे पुतळीवर लक्ष्मीही आली. संत मार्क इतकी वर्षे हिंदू नववधूंच्या गळ्यात बिनबोभाट वावरला, याचे मला, एका कॅथलिक शिक्षकाला, मोठे कौतुक वाटते.

तेव्हा संग्राहकाने भिंग घेऊन आधी अक्षरांकडे पाहावे. ती वाचता आली आणि वजनही जुळले, तर नाणे व्हेनिसचे असण्याचा संभव मोठा. नुसत्या रेघा असतील तर ती सोनाराची नक्कल. पण म्हणून नक्कल हलकी मानू नये. अस्सल डुकाट युरोपातील पदार्थसंग्रहालयांत पुष्कळ आहेत. आमच्या सोनारांचा हात मात्र या नकलांतच दिसतो, आणि वितळविण्याच्या मुशीत आधी जातात त्या याच. पुतळीला जोडलेली जुनी कडीही काढू नये. नाण्याचा दागिना झाला तो तिच्यामुळे.

शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, त्यांना खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. घरच्या मुशीला मात्र असा अटकाव नाही. मुलींत वाटणी करण्यासाठी माळ सोडवाल, तेव्हा निदान प्रत्येक पुतळीची दोन्ही अंगांनी छायाचित्रे घ्या, आणि माळ कोणाच्या माहेरून आली तेही त्यांच्या पाठीवर लिहून ठेवा.