क्षेपणास्त्राच्या टोकापासून दातांच्या तारेपर्यंत

बंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात आउटर रिंग रोडच्या कडेने संगणक कंपन्यांची संकुले आहेत आणि त्यांच्या आसऱ्याने दंतचिकित्सालयेही वाढली आहेत. दातांना तार लावायला येणारा रुग्ण आता शाळकरी मुलगाच असतो असे नाही. दोन बैठकांच्या मधल्या वेळेत धावत येणारा तिशीतला अभियंताही असतो. त्याच्या दातांवर चढणारी पहिली तार बहुधा निकेल आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूची असते. या तारेचे काही प्रकार असे आहेत की थंडगार पाण्याचा घोट घेतला की त्या क्षणभर मऊ पडतात आणि तोंड पुन्हा उबदार झाले की ताठ होतात. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर, येथून काही किलोमीटरवर असलेल्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत, म्हणजे ‘नॅल’मध्ये, याच मिश्रधातूवर विमानविद्येच्या गरजेतून संशोधन झाले. एकच धातू दोन इतक्या वेगळ्या दारांतून आत यावा, यामागे एक लांबलचक इतिहास आहे. तो मुख्यतः जोर कमी करायला शिकण्याचा इतिहास आहे.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचा थर दाबला जातो व तेथील हाड पेशी खाऊन टाकतात. विरुद्ध बाजूला थर ताणला जातो व तेथे नवे हाड भरते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढ्या संथ गतीने दात हाडातून ‘वाहतो’. सहज वाटते की जास्त रेटले तर तो लवकर सरकेल. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांचे कुत्र्यांवरील प्रयोग १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी नेमके उलटे दाखवले. जोर फार झाला तर दाबाखालच्या थराचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग निर्जीव होतो आणि दात तेथेच अडून बसतो. व्हिएन्नाच्या श्वार्त्झ यांनी १९३२ मध्ये या मर्यादेला आकडा दिला : दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतील रक्तदाबाच्या आसपास. आजच्या मोजमापांपुढे हा आकडा ढोबळ ठरतो, पण त्यातली दिशा खरी होती.

अडचण अशी की तार बनवणाऱ्याच्या हातात ही दिशा नव्हती. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या बसणीचे वर्गीकरण मांडले, १९०० मध्ये सेंट लुई येथे या विषयाची पहिली शाळा काढली आणि १९२५ च्या सुमारास ‘एजवाइज’ साधन तयार केले. त्यांच्या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत. १९३० मध्ये ते वारले, आणि त्याच दशकात सोन्याची जागा हळूहळू स्टेनलेस स्टीलने घेतली. पोलाद स्वस्त आणि मजबूत होते, पण फार ताठही होते. वाकडा दात आणि सरळ तार यांच्यात मिलिमीटरभर जरी अंतर असले तरी जोर मर्यादेपलीकडे जाई, आणि दात थोडा हलताच तो जोर एकदम ओसरूनही जाई.

यावर दोनच उपाय होते, आणि दोन्ही शाळेतल्या भौतिकशास्त्राचे आहेत. गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो. ०.०१८ इंचाऐवजी ०.०१६ इंचाची तार घेतली तर जोर पाचातून तीनवर येतो. दोन दातांमधली तार दुप्पट लांब केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. दोन दातांमधली जागा काही वाढवता येत नाही, म्हणून डॉक्टर तारेला वळसे घालत. पक्कड घेऊन प्रत्येक दातासाठी वेगळा वळसा, दर भेटीला नवी जुळवणी, असे ते काम. एका रुग्णाला किती वेळ लागेल, दिवसात किती रुग्ण बघता येतील आणि फी किती लावावी लागेल, हे सगळे त्या पक्कडीवर अवलंबून होते.

पातळ तारेचा उपाय ऑस्ट्रेलियाच्या रेमंड बेग यांनी टोकाला नेला. १९२४-२५ मध्ये कॅलिफोर्नियात खुद्द अँगल यांच्याकडे शिकून ते ॲडलेडला परतले आणि पुढे गुरूचाच मुख्य सिद्धान्त त्यांनी सोडला. दात काढायचे नाहीत, असा अँगल यांचा आग्रह होता. बेग यांनी जागा करण्यासाठी दात काढले. आर्थर विल्कॉक या धातुतज्ज्ञाकडून त्यांनी खास पातळ व चिवट पोलादी तार बनवून घेतली आणि हलक्या जोराचे तंत्र १९५० च्या दशकात जगापुढे ठेवले. भारतात या तंत्राने दीर्घकाळ राज्य केले. मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ चे, बंगळुरूचे शासकीय दंतमहाविद्यालय १९५८ चे. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. या सगळ्या घडणीच्या काळात येथील पदव्युत्तर विद्यार्थी तार हाताने वळवतच तयार झाले. त्या पिढीच्या बोटांतील कौशल्याला आज कुणी फारसे मोजत नाही, हे बरे नव्हे.

इकडे अमेरिकेतील मेरिलँडमध्ये, नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत, दातांचा कुणी विचारही करत नव्हते. विल्यम ब्युलर हे पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या टोकासाठी, म्हणजे वातावरणात परतताना तापणाऱ्या भागासाठी, धातू शोधत होते. १९५९ मध्ये त्यांनी निकेल आणि टायटेनियम यांचे समसमान अणू असलेल्या दांड्या ओतल्या. निवलेली दांडी सिमेंटच्या जमिनीवर टाकली तर शिशासारखा ठस्स आवाज आला. गरम दांडी टाकली तर ती घंटेसारखी वाजली. एकाच धातूचे दोन आवाज! ब्युलर यांनी तापलेली दांडी पाण्याने थंड केली, आणि तिचाही आवाज बसला. पुढे प्रयोगशाळेच्या एका बैठकीत या धातूची घड्याघड्यांची पट्टी दाखवायला आणली होती. डेव्हिड मझी या अधिकाऱ्याने सहज म्हणून तिला पाइप पेटवण्याचा लायटर लावला, आणि पट्टी सरळ झाली. फ्रेडरिक वांग यांनी नंतर स्फटिकरचनेतून याचा उलगडा केला. थंडपणी ‘मार्टेन्साइट’ या रचनेत असलेले अणू उष्णतेने एकमुखाने ‘ऑस्टेनाइट’ या मूळ रचनेत परततात. धातूंची नावे आणि प्रयोगशाळेची आद्याक्षरे मिळून ‘नायटिनॉल’ हे नाव झाले.

आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रीसन यांनी हा धातू दातांकडे वळवला. त्यांचा पहिला अभ्यास १९७१ चा आहे. गंमत म्हणजे बाजारात आलेल्या पहिल्या नायटिनॉल तारेत ‘स्मृती’ जवळजवळ नव्हतीच, ती तार ओढताना दडपली गेली होती. तिचा गुण एवढाच, की ती पोलादाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी ताठ होती. खरी उडी १९८५ आणि १९८६ मध्ये पडली. चार्ल्स बर्स्टोन आणि सहकाऱ्यांनी बीजिंगमध्ये विकसित झालेल्या तारेचे, आणि फुजिओ मिउरा यांनी जपानी तारेचे वर्तन प्रसिद्ध केले. तोंडाच्या तापमानाला ही तार ऑस्टेनाइट असते. वाकवली की त्या ताणानेच तिचा काही भाग मार्टेन्साइट होतो आणि सोडली की परत येतो. पोलाद एक टक्काही ताणले जाण्यापूर्वी कायमचे वाकते. ही तार आठ टक्क्यांपर्यंतचा ताण विसरून जाते. आणि महत्त्वाचे हे की परतताना ती बराच वेळ जवळजवळ सारख्याच जोराने ढकलते. वळशांनी जे साधायचे ते आता स्फटिकच करू लागला. भेटींमधले अंतर वाढले, खुर्चीतला वेळ घटला, आणि साधी सरळ तार बांधण्याचे काम मदतनिसाकडेही जाऊ लागले.

हा धातू बनवणे मात्र सोपे नाही. निकेलचे प्रमाण एक दशांश टक्क्याने चुकले तरी रूपांतराचे तापमान सुमारे १० अंशांनी सरकते, आणि मग ३७ अंशांच्या तोंडात तार भलत्याच अवस्थेत राहते. वितळलेले टायटेनियम भांड्यातला कार्बन आणि हवेतला ऑक्सिजन अधाशासारखे ओढून घेते. १९५९ मध्ये, म्हणजे ब्युलर यांच्या दांड्यांच्याच वर्षी, स्थापन झालेली आणि बंगळुरूत जयमहाल राजवाड्याच्या तबेल्यात कामाला लागलेली नॅल या प्रश्नाशी झुंजलेल्या भारतीय संस्थांपैकी एक आहे. ग्रॅफाइटच्या मुशीत, निर्वात भट्टीत हा धातू वितळवण्याविषयी नॅल आणि तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातील संशोधकांचे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. विमानातले नियंत्रक आणि दातांची तार यांच्या गरजा वेगळ्या असल्या, तरी मुशीतला शत्रू तोच आहे.

बेळ्ळंदूरच्या अभियंत्याला मात्र बरेचदा तार नकोच असते. त्याला पारदर्शक साचे हवे असतात. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत संगणक दातांची वाट तुकड्यांत आखतो आणि प्रत्येक साचा दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो. भौतिकीच्या दृष्टीने हे काहीसे मागे जाणे आहे. प्लॅस्टिक तोंडात काही तासांतच सैलावते आणि त्याचा जोर भराभर उतरतो. स्फटिकाचा तो समतोल रेटा त्याच्याकडे नाही. म्हणून पावले छोटी ठेवायची आणि साचे वारंवार बदलायचे. म्हणजे जोराचा हिशेब हातातून धातूकडे आणि धातूकडून सॉफ्टवेअरकडे गेला. तो डॉक्टरला वगळून थेट टपालानेही पाठवता येईल, असे काही कंपन्यांना वाटले. अमेरिकेतील ‘स्माइलडायरेक्टक्लब’ डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्या वाटेवर असलेले दात कुणी पाहायचे हा प्रश्न रुग्णांच्याच अंगावर आला. अर्ध्यावर सोडलेला दात तेथेच थांबत नाही. ताणलेले तंतू त्याला परत ओढतात, म्हणून उपचार पूर्ण झाल्यावरही महिनोन्‌महिने दात धरून ठेवावे लागतात. आणि एखादा दात ठरल्या वाटेने न जाता मधेच तिरका झाला, तर ते पडद्यावरच्या आराखड्यात उमटत नाही. त्यासाठी अजूनही कुणीतरी तोंडात आरसा धरून, चिमट्याने एकेक दात हलवून बघावा लागतो.