काढा, किराईत आणि श्वासाची मोजणी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात श्वसनाच्या विषाणूजन्य रोगांवर औषधी आहेत, हे विधान २०२० नंतर आपण सर्वांनीच पुष्कळदा ऐकले. भाषेच्या अभ्यासकांनी ते थोडे सावकाश वाचावे, असे आम्हांस वाटते.

१९१८ च्या शरदात इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली, तेव्हा हा बहुतेक मुलूख मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. देशात सर्वाधिक मृत्युप्रमाण नोंदले गेलेल्या भागांत मध्य प्रांत होता. घरोघरी काढे उकळले गेले असणारच. पण जनगणनेला माणसे मोजायची होती, काढे नव्हे. शिवाय या रोगाचा मानवी विषाणू हाती आला १९३३ मध्ये. तेव्हा विषाणूवर औषध असा दावा त्या काळच्या वैदूच्या तोंडी घालणे हा कालविपर्यास होय. त्याचा शब्द होता खोकला, ताप, दमा.

त्या शब्दाशी अडुळसा प्रामाणिक राहिला. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्झिन तयार झाले. ते कफ पातळ करते, विषाणू मारते असे सिद्ध झालेले नाही.

किराईताची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. ओले किराईत आपल्या रानातले, काडेकिराईत हिमालयातले. कुळ निराळे, कडूपणा सारखा. जुन्या बाडात नुसते 'किराईत' आले तर कोणते घ्यावे? (पाठचिकित्सेचा हा प्रश्न आपल्याच विषयाचा, पण तो आपण क्वचितच अंगावर घेतो.) ओल्या किराईतातील द्रव्य प्रयोगशाळेत काही विषाणूंना रोखते, थायलंडने डिसेंबर २०२० मध्ये सौम्य कोविडसाठी त्याच्या प्रायोगिक वापराला मान्यताही दिली. रुग्णांवरील निर्णायक पुरावा मात्र अजून उभा राहिलेला नाही.

गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात नोंदवले. गोईण म्हणजे मैत्रीण. त्यांच्याच 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर केलेला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. तेथे औषध होते प्रतिजैविक, आणि ते देणाऱ्यांत गावच्या सुइणीही होत्या. न्यूमोनियाने होणारे मृत्यू पाच वर्षांखालील हजार मुलांमागे, इतर गावांत १७.५ असताना, या गावांत ८.१ इतके आढळले. अक्षरओळख नसलेल्या सुइणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून संस्थेने मण्यांचे एक साधन घडवले होते.