बिअर, घरगुती : दोन भांड्यांची मांडणी

मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढ्या चार जिनसांतून घरच्या स्वयंपाकघरात थोडी बिअर तयार करण्याची पद्धत. एका भांड्यात भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरवून त्याचा गोड अर्क काढायचा आणि दुसऱ्या भांड्यात तो हॉप्स घालून उकळायचा, अशी ही मांडणी असते. अर्क पुढे ज्या बादलीत आंबतो ती या मोजणीत धरत नाहीत. मुंबई उपनगरात, म्हणजे अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही रेल्वेमार्गांलगतच्या वस्तीत, या पद्धतीपुढे दोनच मोठे अडथळे आहेत : कायदा आणि उकाडा. जागा, भांडी, माल हे प्रश्न त्या मानाने किरकोळ आहेत.

कायदा : मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याच्या १२ व्या कलमाने परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई केली आहे. त्या हेतूने भांडी आणि साहित्य बाळगणे हाही ६५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. स्वतःच्या घरी पिण्यापुरती, विक्रीचा हेतू नसलेली बिअर या मनाईतून वगळलेली नाही. तत्कालीन मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली, साठच्या दशकात ती शिथिल झाली, तरी कायद्याचा सांगाडा तोच राहिला. ब्रिटनने घरगुती बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेच्या संघीय कायद्याने १९७८ मध्ये एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मुभा दिली. म्हणून पुढे दिलेली कृती न्यू जर्सीतला मराठी माणूस गॅरेजमध्ये उघडपणे करू शकतो. मुलुंडमधल्या त्याच्या भावाला मात्र ती करता येत नाही.

या कडकपणामागे खरी माणसे दगावल्याचा इतिहास आहे. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी गावठी दारूने मृत्यू झाले. मालवणीतल्या बळींची संख्या शंभराच्या वर गेली. अशा घटनांत माणसे मरतात ती मेथेनॉलमुळे, आणि ते बहुधा औद्योगिक रसायन म्हणून बाहेरून दारूत मिसळलेले असते. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसते, मद्यार्क साधारण ५ टक्के असतो आणि जवाच्या अर्कातून विषबाधा होण्याइतके मेथेनॉल तयारच होत नाही. बिघडलेली घरगुती बिअर आंबट होते, घाण वासाची होते, पण ती जीव घेत नाही. दोन्ही गोष्टींना एकाच कलमाने तोलणे अन्यायाचे आहे आणि कधीतरी हे बदलायला हवे. ते बदलेपर्यंत मात्र कायदा तो कायदा.

स्थानिक पार्श्वभूमी : घरी काही आंबवणे उपनगराला नवे नाही. गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर आणि त्याला लागून असलेल्या उत्तनमध्ये माड-ताडाची पोय छेदून रस काढण्याचा धंदा भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला. चुना लावलेल्या मडक्यात धरलेला रस गोड राहतो, ती नीरा. उपनगरी स्थानकांवरच्या नीरेच्या दुकानांनी ती सकाळच्या प्रवाशांच्या सवयीची केली. तोच रस साध्या मडक्यात धरला तर हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे काही तासांत त्याची ताडी होते. अंधेरी, मरोळ, बोरिवलीच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळासाठी द्राक्षांची, आल्याची, बिटाची वाइन घरी घालण्याची रीत आहे. लग्नात उंबराच्या पाण्याच्या विधीला मसाले घालून गरम केलेले खिमड हे पेय असते. या सगळ्यात साखर आयती मिळते, रसात, फळात किंवा वरून घातलेली. जवात ती नसते. बिअरला पहिले भांडे लागते ते यासाठीच.

परवाना घेऊन केलेल्या ताज्या बिअरची सुरुवात महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यातल्या डूलालीने केली. मुंबईत लोअर परळला २०१३ मध्ये द बार्किंग डिअर आले, पुढे डूलालीचे टॅपरूम अंधेरीतही उघडले. अशा छोट्या ब्रुअरींमध्ये दोन भांड्यांची मांडणी सर्रास असते. घरच्यापेक्षा आकार कितीतरी पटींनी मोठा, पण कामाची विभागणी जवळपास तीच.

पहिले भांडे : १० लिटर बिअरसाठी सव्वादोन किलो माल्ट पुरते. भारतात जव मुख्यतः राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात पिकतो आणि तिकडेच त्याचे माल्ट होते. हॉप्सची लागवड हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात झालेली आहे, पण बाजारात दिसतात ते बहुतेक आयातीचे. माल्ट भरडताना दाणा फुटावा आणि टरफल शाबूत राहावे, कारण पुढे ते टरफलच गाळणीचे काम करते. घरच्या मिक्सरमध्ये त्याचे पीठ होते आणि अर्क निथळत नाही.

भांडे म्हणून तोटीचा, दुहेरी भिंतीचा पाण्याचा मोठा जग चालतो. तळाशी स्टीलची जाळी किंवा आत मलमलीची पिशवी. किलोला तीन लिटर या हिशेबाने सात लिटर पाणी गरम करून त्यात माल्ट सोडायचे आणि मिश्रण ६६ अंश सेल्सियसवर तासभर झाकून ठेवायचे. थंड देशांतल्या पुस्तकांत यासाठी पाणी ७३ अंशांपर्यंत तापवायला सांगतात. मुंबईत माल्टच मुळात ३० अंशांवर असते, त्यामुळे ७१ अंश पुरतात. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलला तर तापमान दोन अंशांनी वर जाते, न आंबणारी शर्करा वाढते आणि बिअर जड, गोडसर लागते. या तासाभरात दाण्यातली अमायलेज विकरे पिष्टाची साखर करतात. काम झाले की नाही हे पाहायची युक्ती साधी आहे : पांढऱ्या बशीत चमचाभर अर्क घ्यावा आणि त्यावर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब सोडावा. थेंब निळा-काळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे. तांबूस-पिवळाच राहिला तर तोटी उघडायला हरकत नाही. तपासलेला अर्क फेकून द्यावा, परत भांड्यात ओतू नये.

पहिला अर्क सुमारे पावणेपाच लिटर निघतो, कारण किलोभर माल्ट लिटरभर पाणी धरून ठेवते. मग ७६ अंशांचे आणखी साडेसात लिटर पाणी घालून, ढवळून, दुसऱ्यांदा निथळायचे. उरलेला चोथा गुराढोरांना चांगला चालतो, पण इथल्या दमटपणात तो दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारू लागतो. तबेल्याला द्यायचा तर त्याच दिवशी द्यावा.

पाणी : उपनगरांना पाणी येते ते भातसा, वैतरणा, मोडकसागर, तानसा या धरणांतून, आणि थोडे विहार व तुळशी या राष्ट्रीय उद्यानातल्या तलावांतून. शुद्धीकरणाचे मोठे संकुल भांडुपला आहे. साठवलेले पावसाचे हे पाणी मऊ असते. फिकट रंगाच्या, नाजूक चवीच्या बिअरला असेच पाणी लागते. चेकियातल्या प्लझेनची कीर्ती तिथल्या मऊ पाण्यावरच उभी आहे. कॅल्शियमची उणीव भरायला दोन-तीन ग्रॅम गिप्सम पुरते. क्लोरीन मात्र काढलेच पाहिजे, नाहीतर त्याचा माल्टमधल्या फिनॉलशी संयोग होऊन बिअरला औषधाचा वास येतो. पाणी आधी उकळून घ्यावे किंवा रात्रभर उघडे ठेवावे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी सोसायटीच्या टाकीत मिसळत असेल तर मऊपणाचा हा हिशेब कोलमडतो.

दुसरे भांडे : पंधरा-सोळा लिटरचा स्टीलचा टोप. यात सव्वाबारा लिटर अर्क तासभर खळखळून उकळायचा, म्हणजे आटून १० लिटर राहतो. उकळी फुटताच फेस झपाट्याने वर येतो, त्या वेळी शेगडीपासून हलू नये. हॉप्स सुरुवातीला १० ते १५ ग्रॅम, कडवटपणासाठी. शेवटच्या पाच मिनिटांत आणखी १० ग्रॅम, सुवासासाठी. टोपावर झाकण ठेवू नये, कारण उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जायला हवे. पाइप गॅसच्या घरगुती शेगडीवर एवढ्या अर्काला उकळी यायला बराच वेळ लागतो आणि सव्वादोन लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत जाते. पावसाळ्यात एक्झॉस्ट पंखा नसेल तर भिंतींना पाणी सुटते.

निववणे : उकळलेला अर्क लवकर २० अंशांच्या आसपास आणायचा असतो आणि मुंबईतल्या अडचणी इथूनच सुरू होतात. नळाचे पाणीच बहुतेक वर्षभर पंचविशीच्या वर असते, त्यामुळे तांब्याच्या नळीतून ते कितीही फिरवले तरी अर्क पंचविशीच्या खाली जात नाही. टोप टबात ठेवून भोवती बर्फ भरावा लागतो. बर्फाच्या कारखान्यातली लादी बाहेरून वापरायला चालते, अर्कात नव्हे. महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळा करण्याचा नियम २०१८ मध्ये आला तो याच भेदासाठी. दुसरा मार्ग ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केला : उकळता अर्क खाद्यप्रतीच्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरून घट्ट बंद करायचा आणि रात्रभर आपोआप निवू द्यायचा. दिवसातून ठरावीक तासच पाणी येणाऱ्या इमारतीत हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

आंबवण आणि उकाडा : निवलेला अर्क बादलीत ओतून त्यात यीस्ट सोडायचे. सर्वसाधारण एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, लागर यीस्टला ८ ते १३. आंबताना अर्क स्वतः तापतो आणि खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातो. म्हणजे मे महिन्यात घाटकोपरच्या बंद खोलीत ३२ अंश असतील तर बादलीत ३५. एवढ्या उष्णतेत यीस्ट मरत नाही, उलट दोन दिवसांत काम उरकते. पण घाईत केळ्याच्या, नेलपॉलिशच्या वासाची द्रव्ये आणि जड मद्यार्क मागे सोडते. हे जड मद्यार्क घशाला जळजळतात. इंग्रजांना हा अनुभव सगळ्या हिंदुस्थानात आला. त्यांनी जहाजांतून बिअर आणली आणि ब्रुअरी काढल्या त्या कसौली, सोलन, मरी अशा थंड डोंगरांत. यंत्राने थंडावा निर्माण करता येऊ लागल्यावरच मैदानी प्रदेशात आणि किनाऱ्यावर बिअर करणे सोपे झाले.

आज उपाय तीन. जुना फ्रिज घेऊन त्याला तापमान-नियंत्रक जोडणे हा सर्वांत खात्रीचा. बादलीला ओला पंचा गुंडाळून पंखा लावण्याची युक्ती एप्रिलच्या नागपुरात उत्तम चालते, पण ऑगस्टच्या अंधेरीत हवाच इतकी ओली असते की पंच्यातले पाणी उडत नाही. तिथे बाटल्यांत गोठवलेला बर्फ बादलीभोवती सकाळ-संध्याकाळ बदलत राहावा लागतो. तिसरा उपाय मला सर्वांत पटतो : हवेशी भांडण्यापेक्षा इथल्या हवेला साजेसे यीस्ट निवडणे. बेल्जियन शेतांवरच्या सेझों जातीच्या बिअरचे यीस्ट तिशीतही मिरीसारखी सुखद चव देते आणि नॉर्वेच्या शेतघरांत जपलेले क्वाइक तर ३५ अंशांच्या पुढेही स्वच्छ आंबते. साधे एल यीस्टच वापरायचे तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा काळ धरावा. तेव्हा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बोरिवलीत रात्री चांगला गारवा असतो.

मोजमाप आणि बाटल्या : वरच्या प्रमाणाने अर्काची सुरुवातीची घनता १.०४८ च्या आसपास येते आणि आंबून झाल्यावर ती १.०११ पर्यंत उतरते. मद्यार्क त्यावरून ४.९ टक्के निघतो. घनतामापक बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो, म्हणून ३० अंशांच्या अर्कात तो जे दाखवेल त्यात सुमारे ०.००३ मिळवावे. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भराव्यात. ६५० मिलिलिटरच्या बाटलीला ४ ग्रॅम साखर पुरे. शिल्लक यीस्ट ती खाऊन बिअरमध्ये वायू भरते. आंबवण अपुरी असताना भरलेली किंवा साखर जास्त झालेली बाटली उकाड्यात फुटते आणि काचा खोलीभर उडतात. भरलेल्या बाटल्या खोक्यात, वर जाड गोणपाट टाकून ठेवाव्यात. उन्हाळ्यात सातव्या-आठव्या दिवशी एक उघडून पाहावी आणि वायू पुरेसा भरला असेल तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये न्याव्यात.